जिची गोणी, तिचा माल

त्या वर्षी माझ्या बायकोनं सुकवलेला सगळा जवळा, तो समुद्रातून वर यायच्याही आधी, मी विकून मोकळा झालो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, बर्फाच्या कारखान्यात शेजारी बसून पावत्या फाडणाऱ्या सोबत्यालाही नाही. एका बाईला ठाऊक आहे. पण तिला सांगावं लागलं नाही, विकत घेणारी तीच होती.

मी मुळात अबोल. घरात माझा आवाज निघायचा तो आमटीत मीठ कमी असलं तर. अबोल माणसाला लोक सरळ समजतात. त्याचा मला आयुष्यभर फायदा झाला.

आमचं गाव काशीद आणि आगरदांड्याच्या मधलं. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, मासे नाहीत, सुकवणं नाही. तेव्हा घर चालायचं ते उचलीवर. पाऊस लागायच्या आधी सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि पुढच्या हंगामात घरच्या बाईनं सुकवलेला सगळा माल त्यालाच द्यायचा. आमच्याकडे व्यापारी म्हणजे एक म्हातारी बाई. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. होळीच्या आसपास माल साठला की मावशीचा टेम्पो यायचा आणि ज्या घरानं उचल घेतली त्या घरच्या बाईच्या अंगणात रिकाम्या गोण्या पडायच्या. तोंडाला लाल सुतळी शिवलेली, ती मावशीची खूण. जिची गोणी, तिचा माल. एकदा लाल सुतळीची गोणी दारात पडली की दुसरं गिऱ्हाईक त्या घराकडे मान वळवूनही बघायचं नाही. भाव मावशी सांगेल तो.

मावशी वाईट बाई नाही. दुखण्याखुपण्याला तीच धावते. पण भाव तीच सांगते.

आणि एक गोष्ट होती, जिचं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. उचल घ्यायला जायचे नवरे. जवळा बायका सुकवायच्या, उन्हात वाकून बायका निवडायच्या, मावशीच्या ओट्यावर चहा पीत बोलणी करायचे आम्ही. माझ्या बायकोला तिच्या मालाचा भाव कधी कळलाच नव्हता. हिशेब मी करून यायचो आणि घरी येऊन म्हणायचो, ‘भागलं एकदाचं.’

त्या वर्षी वैशाखात मी नेहमीसारखी उचल घेतली. त्याच सुमाराला गावच्या देवळाचा सभामंडप पुरा होत आला होता. ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्याचं नाव संगमरवरात कोरणार होते. माझ्या वर्गातले, मुंबईला गेलेले, सगळ्यांची नावं आली होती. एकानं मला हसत विचारलं, “तुझं काय? बर्फात ठेवलंयस का नाव?” मी हसलो नाही. संध्याकाळी जाऊन उचलीची सगळी रक्कम देवळात देऊन आलो. आज माझं नाव तिथं आहे, डाव्या खांबाजवळ, खालून दुसरं.

घरी सांगितलं, मावशीनं यंदा हात आखडता घेतलाय, उचल दिली नाही. आणि देवळाच्या पैशाचं? कारखान्यात जादा पाळ्या केल्या म्हणालो. बायकोनं दगडावरच्या माझ्या नावाला हात लावून नमस्कार केला. मी शेजारी उभा होतो.

उचलीचं ऐकून ती रडली वगैरे नाही. म्हणाली, “न्हाय दिली तर न्हाय दिली. आपण काय तिच्या दारात जाऊन रडायचं न्हाय.” मग ती दोन महिने काशीदला पर्यटकांच्या बंगल्यांवर चादरी धुवायला गेली. भर पावसात चादरी वाळत नाहीत, म्हणून दोनदोनदा पिळायच्या. हाताची सालटी निघाली. तिच्या ताटात त्या दिवसांत पेज असायची, आणि माझ्या ताटात भात. मला ते दिसत होतं.

श्रावणात बायकांच्या खात्यात सरकारचे पैसे यायला सुरुवात झाली. महिन्याला दीड हजार. कारखान्यात चेष्टा सुरू झाली. कुणी म्हणे, “आता वाढताना पावती मागतील घरात.” दुसरा म्हणे, “माझ्या घरात तर बँकच उघडली. मलाच चहाला दहा रुपये मागायला लागतात, आणि ती विचारते कशाला!” मीही म्हणालो होतो, “फुकटचा पैसा कधी पुरत नसतो.” हे मी म्हणालो होतो. देवळात नाव कोरून घेतल्यावर.

पैसे तिचे तिनं काढले. आळीतल्या दोघीजणींबरोबर रिक्षा करून मुरूडला बँकेत गेली. येताना काही आणेल, साडी नाहीतर निदान मिठाई, असं मला वाटलं होतं. काही आणलं नाही. चौथ्या दिवशी कपाळावर आठी घालून म्हणाली, “अवो, मावशीची उचल न्हाय, म्हणजे यंदाचा माल आपला हाय. व्हय ना?”

मी म्हणालो, “व्हय.”

“मग मी ठरवलंय. यंदा आगोटीला पालीच्या बाजूला माल मीच घेऊन जाणार. माझी आय जायची तशी.”

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. वैशाखात आतल्या गावातले शेतकरी चार महिन्यांचं सुकट, बोंबील भरून ठेवतात. तिची आई डोक्यावर पाटी घेऊन पालीकडच्या गावांत जायची आणि जवळ्याच्या बदल्यात तांदूळ घेऊन यायची. तिकडच्या बायका तिची वाट बघत बसायच्या. लग्न होऊन इथं आल्यापासून माझ्या बायकोनं आपला माल कोण खातं ते एकदाही पाहिलं नव्हतं. गोणीचं तोंड शिवलं की संपलं.

तिचं तोंड त्या दिवशी असं उजळलं होतं, की तेव्हाच सांगायला हवं होतं. मी उठून नळ बंद करायला गेलो. नळ बंदच होता.

बोटी पाण्यात गेल्या, जवळा लागायला लागला. आमच्या बंदरावर लिलावाला रोखीवाल्या पुढे उभ्या राहतात, उधारीवाल्या मागे. असा काही नियम लिहिलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. चांगली पाटी पुढच्यांना जाते, मागच्यांच्या वाट्याला पाणी सुटलेली. माझी बायको कायम मागे. त्या सकाळी मी बर्फाची गाडी घेऊन बंदरावर होतो. बघतो तर ही पदर खोचून पुढच्या रांगेत.

लिलाव पुकारणारा म्हणाला, “काय वयनी, आज म्होरं?”

“म्होरंच. मागं उभं ऱ्हाऊन टाचा झिजल्या माझ्या.”

“रोख हाय ना पण?”

“तू बोली कर रे. रोख तुझ्या तोंडावर मारते.”

बायका खो खो हसल्या. तिनं एक पाटी घेतली. एकच. पण ताजी, चकचकीत. डोक्यावर घेऊन माझ्या गाडीजवळून गेली तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी घाईत होती.

जवळा वाळूत पसरून सुकवायची आमच्याकडे पद्धत. वाळू तापते, लवकर सुकतो, पण खाताना दातांखाली कचकच येते. मावशीच्या गोणीत सगळ्यांचाच माल एकत्र व्हायचा, म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. हिनं दुसऱ्या महिन्याच्या पैशातून बांबू आणले, जुनी जाळी मागून आणली, आणि कमरेएवढी मांडणी करून वर जवळा घातला. पुढच्या महिन्यात चष्मा केला. निवडताना तिला बारीक कचरा दिसायचाच नाही, बोटांनी चाचपून काढायची, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. चष्मा लावून घरी आली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, “अवो, तुमच्या मिशा कवा पिकल्या एवढ्या? मना वाटायचं उजेड पडलाय तोंडावर.” मुलगी पोट धरून हसली. मीही हसलो. हसता हसता मला वाटत होतं, आता हिला सगळंच स्पष्ट दिसणार.

मुलीचा कॉलेजचा एसटीचा पास त्या वर्षी मला न विचारता निघाला. घरातले पैसे माझ्या हातात यायचे आणि मग वाटले जायचे, तो माझा एक रुबाब होता. तो कधी गेला ते कळलं नाही. भांडण झालं नाही. मुलगी आईकडे मागायला लागली, एवढंच.

सगळं नीट झालं असंही नाही. मार्गशीर्षात आभाळ आलं आणि दोन दिवस रिपरिप लागली. मांडणीवरचा माल काळा पडला, वास मारायला लागला. कोंबड्यांच्या खाद्यासाठी नेणाऱ्याला मातीमोल देऊन टाकावा लागला. ती ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसली होती. आधीच्या वर्षी असं झालं असतं तर मी मावशीकडे गेलो असतो, आणखी उचल आणली असती आणि पुढचाही हंगाम बांधून टाकला असता. या वेळी बांधायची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे आले आणि ती पुन्हा लिलावाला पुढे उभी राहिली. रक्कम लहानच होती. पण ती पुन्हा येणार आहे एवढ्या भरवशावर माणूस एकदा बुडायचं धाडस करतो, हे मी तेव्हा पाहिलं. मग एका महिन्यात हप्ताच लांबला. तेव्हा त्या आळीतल्या दोघी आणि ही, तिघींनी मिळून पाट्या घेतल्या आणि माल वाटून सुकवला. पुढे ती रीतच पडली.

माघ संपत आला तशी मला रात्रीची झोप येईना. घराच्या माळ्यावर चार पिंपं कोरड्या जवळ्यानं भरली होती. ती रोज एकदा झाकण उघडून वास घ्यायची. मी रोज ठरवायचो, आज मावशीकडे जाऊन काहीतरी करू. गेलो नाही.

होळीनंतर, भर दुपारी, टेम्पो आला. मी सुट्टीवर घरी होतो. अंगणात गोण्यांची चवड पडली, लाल सुतळीची. टेम्पो निघूनही गेला. बायको विहिरीवरून आली, घागर खाली ठेवली.

“ह्या कुणाच्या?”

“मावशीच्या,” मी म्हणालो. “चुकून टाकल्या असतील.”

“चुकून? मावशी मिठाचा खडा चुकून टाकीत न्हाय.” तिनं माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाली, “टेम्पोवाला नवा दिसतो.” आणि गोण्या उचलून डोक्यावर घेतल्या. “चला, तुमी पण या. परत करून येऊ. उद्या कुणी बघितलं तर गिऱ्हाईक फिरकायचं न्हाय.”

मी मागून चाललो. कधी नव्हे तो रस्ता छोटा वाटला.

मावशीच्या खळ्यात आठ-दहा बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. मावशी खाटेवर मशेरी लावत होती. बायकोनं गोण्या तिच्यापुढे ठेवल्या.

“मावशी, तुमच्या गोण्या आमच्याकडं उतरल्या.”

“मग? माल झाला न्हाय अजून?”

“माल हाय. पण यंदा तुमची उचल न्हाय आमच्याकडं. तुमीच न्हाय दिलीत ना.”

मावशीचं बोट तोंडातच थांबलं. “कोण बोलला न्हाय दिली?”

निवडणाऱ्या बायकांचे हातही थांबले. एकीनं दुसरीला कोपर मारलं. माझ्या बायकोला ते दिसलं. तिनं पदर कमरेला खोचला.

“माझा नवरा बोलला. तो बोलतो कमी, पण खोटं बोलत न्हाय. ह्या सगळ्या ऐकतायत, ह्यांच्या देखत सांगते. त्यानं उचल घेतली असती तर आमी दोन महिने पेज खाल्ली नसती.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या खाटेच्या पायाकडे बघत होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. तो शब्द माझ्या तोंडात होता, हे मी शपथेवर सांगतो. तोंड उघडलं नाही.

“व्हय,” मावशी म्हणाली. “न्हाय दिली. टेम्पोवाल्याची चूक. ठेव त्या, बाय.” आणि मग मला, “तू थांब रे. गोण्या आत लावायच्या हायत.”

बायको गेली. मी गोदामात गोण्या लावल्या. मावशी दारात येऊन उभी राहिली.

“मावशी, मी पैसे आणून देतो. थोडे थोडे करून.”

“पैसे?” ती भडकली. “उचल पैशात फेडतात? माझ्या दारात आजवर कुणी पैसे आणून टाकले न्हायत.”

हे मी विसरलो होतो. आमच्याकडे उचल मालात फिटते. पैसे परत करणं म्हणजे तुझं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं म्हणणं. गावात फार मोठ्या भांडणानंतरच कुणी तसं करतं.

“माल दे,” ती म्हणाली.

“माल तिचा आहे.”

“हे आज कळलं तुला?”

मी पुढची गोणी उचलून थप्पीवर ठेवली. बाहेर बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या. मग मावशी म्हणाली, “मग तूच ये. गोणीत मावणार न्हायस, पण गोण्या तर उचलशील. दर रविवारी.” आणि जाता जाता वळून, “तुझ्यासाठी न्हाय हां हे. तिनं माझ्या खळ्यात ग्वाही दिली. ती खोटी पाडायला मी काय तिची वैरीण हाय?”

त्यानंतर दर रविवारी मी मावशीच्या गोदामात गोण्या भरल्या, शिवल्या, टेम्पोत चढवल्या. मिठानं हात चिरायचे. बायको मला डबा करून द्यायची. डब्यात तिच्या वाटचा तळलेला बोंबीलही असायचा. म्हणायची, “म्हातारीला कुणी न्हाय. जाता ते बरं करता.”

वैशाखात तिघी जणी एक जीप ठरवून पालीच्या बाजूच्या आठवड्याच्या बाजाराला गेल्या. पिंपं उचलायला मी. माझं जीपचं भाडं तिनं दिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलंही, “आज हे माझ्याकडं मजुरीला हायत.” बाजारात फडकं अंथरून ती बसली. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. तिकडच्या बायका कोरडा जवळा तोंडात टाकून बघतात. एक शेतकरीण आली, चिमूट तोंडात टाकली, चावली, थांबली, आणखी एक चिमूट टाकली.

“वाळू नाही गं ह्याच्यात!”

“न्हायच,” बायको म्हणाली. “वाळू पाहिजे तर परतीच्या जीपमधून पाठवते.”

ती बाई हसली आणि तिनं तिथूनच ओरडून आपल्या जावेला हाक मारली. मग ज्या बायका जमल्या, त्यांच्या मधून मला बायको दिसेनाशी झाली. फक्त तिचा आवाज येत होता. भाव सांगणारा. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. भाव पाडून मागणाऱ्या एकीला तिनं साफ नाही म्हटलं आणि ती बाई वळसा घालून परत आली, त्याच भावानं घेऊन गेली.

दुपारी पिंपं रिकामी झाली. तिनं झाडाखाली बसून पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि पिशवीत ठेवून पिशवी कमरेला बांधली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशीनं उचल न्हाय दिली ते बरंच झालं, न्हाय का? दिली असती तर मी आज इथं बसली असती?”

मी मान हलवली. तिनं मला उसाचा रस आणून दिला.

आता तिसरं वर्ष चाललं आहे. महिन्याचे पैसे येतात, कधी वेळेवर, कधी रेंगाळत. आळीतल्या आणखी चार घरांनी उचल घेणं सोडलं आहे आणि ज्यांनी सोडलं नाही, त्यांच्या बायका आता बोलणी करायला स्वतः मावशीच्या ओट्यावर जातात. मावशी कुरकुर करते, पण पूर्वीपेक्षा भाव वाढवून देते. द्यावाच लागतो. मुलीला नोकरी लागली आहे. बायको खळ्यावर पत्रा टाकायचं म्हणते, अवकाळी पावसासाठी. तिचे पैसे आहेत, ती टाकेल.

माझं आणि मावशीचं फिटलं. गेल्या वर्षी एका रविवारी तीच म्हणाली, “पुरे आता, पोरा. पुढच्या रविवारपासून येऊ नकोस.”

बायकोचं फिटलेलं नाही. मी तिला खरं सांगितलेलं नाही. आणि घरात, दार लावून, हळू आवाजात सांगून ते भागणारही नाही. तिनं माझ्यासाठी ग्वाही दिली ती मावशीच्या खळ्यात, त्या आठ-दहा बायकांच्या देखत. त्याच खळ्यात, त्या बायकांच्या देखत, मी उचल घेतली होती आणि खोटं बोललो होतो, हे मी माझ्या तोंडानं सांगायला हवं. एवढं मी तिचं देणं लागतो.